कोल्हापूर प्रकरण, १०१ दिवसांचा तुरुंग आणि मराठी वाक्याचं पुस्तक: गोपाळ गणेश आगरकर

आगरकर म्हटलं की आठवतात ते सुधारक. टिळकांचे मित्र आणि नंतरचे विरोधक, विधवांच्या केशवपनावर कडाडून लिहिणारे, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघणारे. पण याच माणसानं मराठी व्याकरणावर एक पुस्तक लिहिलं होतं, हे फारसं कुणाला आठवत नाही. त्याचं नाव 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण'. साल १८८८. विषय असा की मराठी वाक्य कसं बनतं, त्याचे तुकडे कसे पाडायचे आणि एक वाक्य दुसऱ्याला कसं जोडलेलं असतं.

शाळेत केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य असा धडा प्रत्येकानं घोकलेला असतो. परीक्षा संपली की तो विसरायचाही असतो. आगरकरांसारख्या धगधगत्या माणसाला त्यात काय दिसलं असेल? हे समजून घ्यायचं तर आधी कोल्हापूरला जावं लागतं, कारण वाक्याची किंमत आगरकरांना पहिल्यांदा मोजावी लागली ती कोल्हापूरच्या पायी.

छत्रपतींचं वेड आणि कारभाऱ्यावरचा आरोप

तर झालं असं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, युरोपच्या प्रवासात असताना १८७० साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांच्यामागे १८७१ साली एका लहान मुलाला दत्तक घेण्यात आलं. तेच चौथे शिवाजी महाराज. महाराज अज्ञान, त्यामुळं कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली आणि कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती.

पुढं महाराजांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सांगितलं जाऊ लागलं. कोल्हापुरात मात्र वेगळीच कुजबुज होती. वेड खरं नाही, महाराजांना मारहाण होते, त्यांचा छळ करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, असं लोक बोलत होते. ही कुजबुज पुण्यात पोचली आणि तिथं दोन नवीकोरी वर्तमानपत्रं तिची वाटच बघत होती. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेली 'केसरी' आणि 'मराठा'. केसरीचे संपादक होते आगरकर, वय वर्षं २५.

टेंभूचा मुलगा

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं की ७०-७५ किलोमीटरवर कराड लागतं. त्याच्याजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचं गाव आहे. आगरकर तिथले, जन्म १४ जुलै १८५६ चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षण कराड, रत्नागिरी, अकोला असं जिथं आसरा मिळेल तिथं झालं. मध्येच शाळा सोडून कराडला कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधं बनवली. अकोल्याला विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले, त्यांनी हात दिला. १८७५ साली मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

डेक्कन कॉलेजात टिळकांशी गाठ पडली. दोघांनी ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. आईला पत्र लिहून आगरकरांनी कळवून टाकलं की मुलगा मोठा पगार आणेल ही आशा आता सोडून दे. एमए होऊन ते विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. दिवसा शाळा, बाकी वेळ केसरी.

पत्रं छापली, खटला उभा राहिला

केसरी आणि मराठा यांनी कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली, कारभाऱ्यांवर टीकेची झोड उठवली. तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांच्या हाती काही पत्रं लागली. ती बर्व्यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट दिसतो, असं सांगितलं गेलं. त्या पत्रांवर विश्वास ठेवून मजकूर छापला गेला आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला.

न्यायालयात ती पत्रं बनावट ठरली. इथं बर्व्यांवर अन्याय झाला होता, हे मान्य करायलाच हवं. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्याद मागं घेतली गेली नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकर वारले. लोकांनी मात्र या दोघांना वाऱ्यावर सोडलं नाही. जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे जामिनाला उभे राहिले. खुद्द कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटक करून खटल्यासाठी पैसा जमवला. त्या विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक मुलगा होता. तो पुढं आगरकरांचाच सहकारी झाला.

१७ जुलै १८८२ ला निकाल लागला. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात. थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आत एकूण १०१ दिवस. सुटल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक लिहिलं. कोठडी एवढीशी, आणि हे दोघे रात्र रात्र वाद घालत बसलेले. देशाचं काय करायचं, कॉलेज कसं काढायचं, समाज आधी सुधारायचा की सरकारशी आधी भांडायचं.

कोल्हापूरच्या महाराजांचं पुढं काय झालं? त्यांना अहमदनगरला नेऊन ठेवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं २० वर्षांचं. म्हणजे पत्रं जरी खोटी निघाली, तरी लोकांना महाराजांची वाटणारी काळजी खोटी नव्हती.

'लोक म्हणतात की...'

हे वरचं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा बघा. त्यात दोन विधानं आहेत. पत्रं खोटी होती, हे एक. काळजी खोटी नव्हती, हे दुसरं. 'जरी... तरी' या जोडीनं पहिलं विधान मान्य करून बाजूला सारलं आणि वजन दुसऱ्यावर टाकलं. आता जागा बदलून बघा. 'लोकांची काळजी जरी खोटी नव्हती, तरी पत्रं खोटी होती.' माहिती तीच राहिली, पण वाक्य बर्व्यांच्या बाजूचं झालं. न्यायाधीशाचं वाक्य असं असतं आणि संपादकाचं आधीसारखं.

वाक्यं जोडण्याचे ढोबळमानानं दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोन्ही वाक्यं बरोबरीची राहतात. 'पंचगंगेला पूर आला आणि रस्ता बंद झाला.' दोन्ही वाक्यं सुटी केली तरी आपापल्या पायावर उभी राहतात. आणि, व, किंवा, पण, परंतु, म्हणून, सबब हे असे सांधे. व्याकरणात त्यांना प्रधानत्वबोधक उभयान्वयी अव्ययं म्हणतात आणि तयार होणाऱ्या वाक्याला संयुक्त वाक्य.

दुसऱ्या मार्गात एक वाक्य मालक होतं आणि दुसरं त्याच्या हाताखाली जातं. 'जर पंचगंगेला पूर आला, तर रस्ता बंद होतो.' यातलं 'जर पंचगंगेला पूर आला' एवढंच म्हणून कुणी गप्प बसलं, तर ऐकणारा पुढं काय, असं विचारणारच. की, जर-तर, जरी-तरी, कारण, जो-तो, जेव्हा-तेव्हा यांनी असे सांधे होतात. हे मिश्र वाक्य. त्यातलं हाताखालचं गौण वाक्य कधी नामाचं काम करतं, कधी विशेषणाचं, कधी क्रियाविशेषणाचं.

मराठीची एक खोड मात्र या खणांत नीट मावत नाही. 'तो घरी जाऊन, जेवून, पान खाऊन झोपला.' कामं चार केली, पण पुरतं क्रियापद एकच, त्यामुळं व्याकरणाच्या हिशेबी हे केवल वाक्य. इंग्रजीत याच मजकुराला दोन-तीन सांधे लागतील. आपल्याकडं तो एक 'ऊन' सगळं ओढून नेतो.

आता 'की'कडं येऊ. 'कारभाऱ्यानं महाराजांचा छळ केला' हे एक विधान झालं. 'लोक म्हणतात की कारभाऱ्यानं महाराजांचा छळ केला' या वाक्यात मुख्य वाक्य आहे 'लोक म्हणतात'. छळाची गोष्ट गौण वाक्यात गेली. व्याकरणाच्या हिशेबानं लिहिणाऱ्यानं एवढंच सांगितलं की लोक काहीतरी म्हणतात. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय राहतं? छळ. आणि कायदाही तेच बघतो. दुसऱ्याची बदनामीकारक गोष्ट छापणारा, ती दुसऱ्याची आहे म्हणून सुटत नाही.

कोल्हापूरच्या बोलीत हेच काम वाक्याच्या शेवटी येणारा 'म्हणून' करतो. 'उद्या येतो म्हणून सांगितलंय' असं तिथं सहज ऐकू येतं. 'त्यानं सांगितलं की तो उद्या येईल' ही पुस्तकी रचना. पहिल्यात बातमी आधी येते आणि ती कुणाची ते मागून. ऐकणाऱ्यानं तोवर ती गिळलेली असते. बाजारातली कुजबुज बहुतेक अशीच पसरते.

हॅम्लेट

आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर करायला घेतलं होतं आणि डोंगरीच्या तुरुंगातही ते त्यावर काम करत होते. १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावानं बाहेर आलं. गादीचा वारस असलेला एक तरुण, त्याच्याभोवती कारस्थानं आणि त्याचं वेड खरं की सोंग हे कुणालाच नक्की न कळणं. कोल्हापूरच्या महाराजांपायी तुरुंगात पडलेल्या माणसानं हेच नाटक हाती धरावं हा योगायोग असेलही, पण विलक्षण आहे.

भाषांतर करणाऱ्याला वाक्याचे सांधे जेवढे टोचतात तेवढे दुसऱ्या कुणाला टोचत नाहीत. इंग्रजीत मुख्य वाक्य पुढं आणि त्याला लटकलेली वाक्यं मागून येत राहतात. मराठीचं क्रियापद शेवटी. इंग्रजीत नामामागून येणारं वाक्य मराठीत 'जो... तो' करून आधीच सांगून टाकावं लागतं. शेक्सपिअरच्या एकेका लांबलचक वाक्यापुढं बसून हे ठरवायचं म्हणजे मराठी वाक्याचा सांगाडाच उलगडून बघणं आलं.

१८८८

आगरकरांच्या आधी मराठीला व्याकरण नव्हतं असं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली आलं होतं आणि शाळांतून दोन पिढ्यांनी ते गिरवलं होतं. कँडीसाहेबांनी मराठीत विरामचिन्हं रुळवली होती. त्याआधीच्या बखरी वाचल्या तर 'आणि', 'व' करत वाक्य पानभर वाहत जातं. नामाला विभक्ती कुठली, क्रियापदाचा काळ कोणता, याचा बारीक विचार झाला होता. पण अख्ख्या वाक्यालाच विषय करून त्यावर वेगळा ग्रंथ लिहायचा, ही गोष्ट नवी होती. ती आगरकरांनी केली.

आणि केली ती कधी? इथं साल महत्त्वाचं आहे. टिळकांशी मतभेद टोकाला जाऊन ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ ला त्यांनी स्वतःचं 'सुधारक' सुरू केलं. वाक्यमीमांसेचं प्रकाशनही १८८८ चंच. सात वर्षं ज्या पत्राचे ते संपादक होते ते हातातून गेलं होतं, आणि त्याच सुमारास त्यांचं वाक्याच्या तुकड्यांवरचं पुस्तक बाहेर आलं.

पुस्तक शाळेत उपयोगी पडण्याजोगं होतंच, आगरकर हाडाचे शिक्षक होते. पण तेवढ्यावरच विषय संपत नाही. तर्कशास्त्र हा त्यांच्या आवडीचा विषय, मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते लेखक. तर्कात विधानं एकमेकांना बांधलेली असतात आणि ती बांधणी दिसते ती 'जर-तर', 'कारण', 'म्हणून' या शब्दांत. 'ही रूढी जुनी आहे म्हणून ती पाळावी' या वाक्यात दोन्ही विधानांत शोधण्यासारखं फार नाही, सगळी लबाडी मधल्या 'म्हणून'मध्ये आहे. आगरकरांनी सुधारकात सात वर्षं जो उद्योग केला तो बराचसा असे 'म्हणून' उचकटण्याचा होता. बाईचा नवरा मेला म्हणून तिचे केस काढायचे. ती मुलगी आहे म्हणून तिला शिकवायचं नाही. आजोबा करत होते म्हणून नातवानं करायचं. प्रत्येक ठिकाणी ते विचारत की पहिल्यातून दुसरं निघतं ते नेमकं कसं?

त्यांचं गद्य आज वाचताना दम लागतो हेही खरं. वाक्यं लांब, त्यात 'जर', त्या 'जर'च्या पोटात 'जो', आणि 'तर' येईपर्यंत पान उलटायची वेळ. तरीही वाक्य घसरत नाही. कुठलं विधान कुणाच्या हाताखाली आहे हे शेवटपर्यंत कळतं. त्या काळच्या बऱ्याच लेखकांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आधी की आणि

टिळक आणि आगरकर यांच्यातला वादही याच चष्म्यातून बघता येतो. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक सुधारणा, अशा नावानं तो पाठ्यपुस्तकात येतो. नावावरून वाटतं की दोघेही 'आधी'साठीच भांडत होते. टिळकांचा जोर खरोखर त्यावर होता. परक्या सरकारकरवी कायदे करून समाज सुधारणं त्यांना मान्य नव्हतं, स्वराज्य हातात आल्यावर आपण आपलं बघू असा त्यांचा कल. म्हणजे एक वाक्य मुख्य, दुसरं त्याच्या अटीवर. आगरकरांना ही अटच नको होती. राजकीय हक्क मागणारा माणूस घरात बायकोला हक्क नाकारत असेल, तर त्याच्या मागणीत बळ कुठून येणार, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या लेखी दोन्ही वाक्यं बरोबरीची होती आणि मधे 'आणि' होता. त्यांच्या विरोधकांनी मात्र त्यांना कायम 'आधी समाज'वाल्यांच्या खणात टाकलं.

या भांडणाची किंमत मोठी होती. ज्या मित्राबरोबर १०१ दिवस एका कोठडीत काढले त्याच्याशी बोलणंही राहिलं नाही. दोघांनी मिळून उभारलेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी टिळकांनी १८९० मध्ये सोडली. सुधारकाच्या इंग्रजी बाजूला आगरकरांच्या मदतीला आले ते गोखले, कोल्हापुरात नाटक करून निधी जमवणारे. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्यानं त्यांना तरुणपणापासून धरलं होतं, आता त्यानं पाठच सोडली नाही. १७ जून १८९५ ला ते गेले, ३९ वर्षं पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. केसरीत त्यांच्यावर लिहायला बसलेल्या टिळकांच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, असंही सांगतात.

मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' त्यानंतर १६ वर्षांनी, १९११ साली आलं. त्या जाडजूड ग्रंथात वाक्याच्या विचाराला भरपूर जागा आहे. पुढची शालेय व्याकरणं बरीचशी त्याच्या आधारानं तयार झाली आणि 'वाक्यपृथक्करण' हा शब्द मुलांच्या वह्यांत जाऊन बसला. आगरकरांच्या सुधारकातल्या निबंधांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. वाक्यमीमांसेचं नाव मात्र त्यांच्या ग्रंथांच्या यादीत शेवटी कुठंतरी येतं, आणि वाचणारा बहुधा तिथून पुढं सरकतो.